धक्क्याजवळच्या सर्व्हरची कबुली

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. टोंगातल्या वावाउ बेटावर, नेइआफूच्या धक्क्याजवळच्या एका खोलीत मी अकरा वर्षे काम केले. ऑकलंडहून बोटीने आलो तेव्हाही मी नवा नव्हतो. माझ्या झाकणावर कोणाच्या तरी कपाचा गोल डाग होता.

मला उभे केले बेटावरचे संगणक सांभाळणाऱ्या कालोलाइनेने. खाऱ्या हवेने बेटावरची यंत्रे भराभर गंजत. म्हणून तिने तीन ठिकाणचे काम माझ्या एकट्यावर सोपवले: फेरीबोटीची तिकिटे, दवाखान्याच्या नोंदी आणि शाळेचे निकाल. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या मदतीने तिने माझ्यात तीन कंटेनर केले.

तिकिटांचे काम पाहणारे तेविताकाका हसतच सुटले. "एवढ्याशा पेटीत कंटेनर? धक्क्यावर ये पोरी, खरे कंटेनर दाखवतो!"

"काका, खोल्या समजा हो."

"मग माझ्या खोलीत शाळेची कार्टी डोकावतील?"

"नाही. मधे भिंती आहेत. ज्याला त्याला वाटतं, सगळं यंत्र आपलंच."

"आणि लिनक्स? तिघांना तीन?"

"त्याचा गाभा एकच, सगळ्यांच्या खाली. म्हणून तर हे म्हातारं यंत्र तिघांना पुरतं."

दवाखान्यातल्या नर्स सेइनीने मात्र वेगळेच विचारले. "एकानेच सगळी मेमरी खाल्ली तर?"

"प्रत्येकाला मर्यादा घातलीय, ताई."

बरीच वर्षे सुरळीत गेली. लोक माझे कौतुक करत, मग हळूहळू मला विसरले. पंख्यात धूळ साठली.

एका डिसेंबरात नाताळसाठी जादा बोटी सुटणार होत्या. तेविताकाका म्हणाले, "दोन दिवस माझी मर्यादा काढ ना. गर्दीत तिकिटं अडकतात. लोक माझा जीव खातात गं!" कालोलाइनेला नाही म्हणवले नाही. तिने मर्यादा काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विक्री सुरू झाली आणि तासाभरात माझी मेमरी संपली. अशा वेळी मला काहीतरी बंद करावेच लागते. तिकिटांची कामे शेकडो होती, पण एकेक लहान. सर्वांत मोठे काम एकच दिसले. मी ते बंद केले. ती दवाखान्याची नोंदवही होती.

त्याच वेळी दवाखान्यात लोसा नावाची बाई बेशुद्ध पडली होती. पायाची जखम चिघळून अंगात विष भिनले होते. सेइनीच्या हातात पेनिसिलिनचे इंजेक्शन तयार होते. पण लोसाला कुठले तरी औषध चालत नाही, एवढे तिला पुसटसे आठवत होते. कुठले, ते नोंदीतच होते.

तिने फोन केला. "काले, नोंदी उघडत नाहीयेत. मी सुई हातात धरून बसलेय. लवकर!"

कालोलाइने धावत आली. तिने तिकिटांचा कंटेनर तिथल्या तिथे थांबवला. तेविताकाका दारातून ओरडले, "अगं, दोनशे माणसं उभी आहेत रांगेत!"

"उभी आहेत ना, काका? तिथे एक आडवी पडलीय."

काका वही-पेन घेऊन धक्क्यावर गेले आणि हाताने तिकिटे लिहू लागले.

चार मिनिटांत नोंदवही उघडली. लोसाला पेनिसिलिन चालत नव्हते. सेइनीने सुई बाजूला ठेवून दुसरे औषध दिले. आठवड्याने लोसा घरी गेली.

कालोलाइनेने त्याच दिवशी मर्यादा परत घातली. तिने मला दोष दिला नाही. मी नियमाप्रमाणेच वागलो होतो.

गेल्या महिन्यात तिन्ही कंटेनर नव्या यंत्रावर गेले. मी आता रिकामा आहे. जाण्यापूर्वी एवढेच सांगतो, मित्रांनो. आमची धूळ पुसा, नोंदींची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि कोणाला आधी वाचवायचे, हे गर्दी नसतानाच आम्हाला सांगून ठेवा. मला फक्त काम किती मोठे आहे ते दिसते. त्यामागची लोसा मला त्या दिवशीही दिसली नव्हती.