पाण्याची सहावी पाळी

थोरल्या दिरानं सहा जणांच्या सामाईक टाकीच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाला, "यंदाही पाचच पाळ्या. सहावीला पाणी पुरत नाही."

सहावी पाळी त्याच्या धाकट्या भावजयीची. गावभर तिला शिवणवाली म्हणत. नवरा गेल्यावर तिनं मशीनही चालवलं आणि रानही धरलं. मागच्या उन्हाळ्यात पाळी मिळाली नाही म्हणून दहा आठवडे डोक्यावरून घागरी वाहिल्या. मानेची शीर धरली, तरी मिरची उभी वाळली. तेव्हा हाच दीर बांधावरून हसला होता. ते हसू तिच्या काळजात अजून रुतलेलं होतं.

"हिशेब कसा धरलात, भाऊजी?"

"टाकीत साडेसात फूट पाणी. पाळीला दीड फूट जातं. झाल्या पाच. बायकांनी आकड्यांत पडू नये."

तिनं घरी जाऊन एक दोरी काढली, टोकाला दगड बांधला आणि दर पाव फुटावर गाठ मारली.

पुढच्या आठवड्यात टाकी भरली तशी ती धुणं घेऊन तिथंच बसली. दोरी तळाला सोडून वर घेतली. तीस गाठी ओल्या. सुताराची पाळी झाली, उन्हात वाळलेली दोरी पुन्हा सोडली, पंचवीस. दूधवाल्याची झाली, वीस. गिरणीवाल्यानंतर पंधरा, न्हाव्यानंतर दहा. शेवटी दिराची पाळी, आणि टाकी कोरडी ठाक.

कापड बेतणारी बाई ती. साडेसात म्हणजे तीस पाव, सव्वा म्हणजे पाच पाव. तिसात पाचाचे सहा तुकडे बसतात. पाळी दीड फुटाची नव्हतीच, सव्वाची होती. सहावी पाळी दर आठवड्याला थोरल्याच्या वांग्यांत मुरत होती.

तिसऱ्या आठवड्यात चौघांच्या पाळ्या झाल्या आणि तिनं चौघांनाही टाकीवर थांबवून घेतलं. दोरी सुताराच्या हातात दिली.

"दहा गाठी," सुतार म्हणाला. "अडीच फूट."

"म्हणजे तुम्हा चौघांना गेलं पाच फूट, पाळीला सव्वा. अडीचात सव्वा किती वेळा?"

"दोनदा." सुतारानं थोरल्याकडं पाहिलं. "आम्हाला दीड सांगून सव्वा दिलंस होय रे?"

"माझं रान चढावर आहे. पाणी जास्त लागतं," थोरला पुटपुटला.

गिरणीवाला मध्ये पडला. "वहिनी, आजपासून सहावी पाळी तुमची. मागचं भरून काढायला भाऊ दर आठवड्याला आपली अर्धी पाळी देतील. घरातली गोष्ट घरात मिटू द्या."

"मागच्या वर्षीच्या दहा, यंदाच्या दोन. बारा पाळ्या गेल्या माझ्या. बारात अर्धं किती वेळा जातं?"

सुतार बोटं मोजू लागला, पण ती थांबली नाही.

"चोवीस वेळा. आणि उन्हाळा उरलाय बारा आठवडे. मला त्यांची पुरी पाळी हवी, बाराही आठवडे. आणि ती किल्ली."

सुतारानं थोरल्यापुढं हात पसरला. थोरल्यानं चौघांच्या तोंडाकडं पाहिलं आणि किल्ली काढून दिली.

पाचव्या आठवड्यात मोठी जाऊ आली. "अगं, वांग्यांनी माना टाकल्या. एक पाळी सोड."

"माझी मिरची वाळत होती तेव्हा तुम्ही बांधावरच होतात ना, ताई?"

"होते. पण यांच्यापुढं मी काय बोलणार होते?"

ते खरं होतं, हे शिवणवालीला ठाऊक होतं. जावेच्या हातात काहीच नव्हतं. तरी तिनं व्हॉल्व्हचं चाक आपल्या रानाकडं फिरवलं. "घागरी आहेत की घरात. वाहा."

जाऊ तीन दिवस वाहत राहिली. चौथ्या दिवसापासून थोरला स्वतः घागर घेऊन तिच्या खिडकीवरून जायला लागला. मशीनवर बसल्या बसल्या ती त्याच्या खेपा मोजायची.

अकराव्या आठवड्यात त्यानं वांगी उपटली आणि बांधावर पेटवली. धूर तिच्या अंगणात आला, वाळत घातलेल्या नव्या कपड्यांत शिरला.

"कपडे आत घे गं, वास बसेल," शेजारीण म्हणाली.

"बसू दे."

अजून तीन पाळ्या येणं होतं. दिराच्या रानात आता भिजवायला काही उरलं नव्हतं आणि तिच्या मिरचीला तिचं स्वतःचं पाणी पुरून उरत होतं. तरी तिन्ही आठवडे ती वेळेवर टाकीवर गेली. दिराच्या वाटणीचं सव्वा फूट पाणी तिनं बांधावरच्या गवताला सोडलं आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत तिथून हलली नाही.