अक्काच्या शिव्या आणि सुरुवातीची फाईल

अमळनेरच्या एका कॉलेजात पितांबरनानांनी एकतीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं, आणि सूचीचं कार्ड तयार झाल्याशिवाय एकही पुस्तक कपाटात जाऊ दिलं नाही. काही पुस्तकं कार्डाची वाट पाहता पाहता वाळवीनंच वाचून काढली. निवृत्तीनंतर नानांनी थोरल्या बहिणीच्या, पारोळ्याच्या भिकुअक्काच्या, शिव्या लिहून ठेवायचं ठरवलं. अस्सल अहिराणी, चारशेच्या वर. अक्कानंतर त्या कोणालाच येणार नव्हत्या. तिच्या सुना टीव्हीवरच्या हिंदी शिव्यांवर भागवत होत्या.

त्यासाठी लॅपटॉपवर एक फुकटचा एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्रॅम, घेतला. तो उघडताना सुरुवातीची एक फाईल वाचतो आणि तिच्यात आपण लिहू तसा वागतो. सांगितल्याप्रमाणे वागणारं कोणीतरी नानांना आयुष्यात प्रथमच भेटलं.

पहिल्या वर्षी पान कार्डासारखं पिवळसर झालं. दुसऱ्या वर्षी पान उघडताच तारीख आपोआप पडू लागली. मग फाईलमध्ये एक कंस मिटायचा राहिला आणि एडिटर दोन महिने उघडलाच नाही. अहिराणी शब्दांखालची, चूक दाखवणारी लाल रेघ काही जाईना. नानांनी एडिटर बनवणाऱ्यांना कळवलं, ती घालवायची सोय करा. उत्तर आलं, 'सूचना चांगली आहे.' नानांच्या अशा सतरा सूचना चांगल्या होत्या.

दर रविवारी अक्का एसटीनं येई, चहा घेई आणि सगळं झालं का म्हणून विचारी, “बठ्ठं तयार शे का रे?”

“थोडं राह्यलं शे, अक्का.”

“अहो, वहीत लिहा ना तोवर,” बायको, कोकिळाबाई, म्हणे.

“वहीत क्रम लागत नाही.”

यावर अक्का एक ताजी शिवी हासडे. नाना पोट धरून हसत, आणि फाईल झाली की पुन्हा विचारू म्हणून सोडून देत.

चौथ्या वर्षी लाल रेघ गेली. त्याच आठवड्यात अक्काला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

नाना लॅपटॉप घेऊन पारोळ्याला गेले. खाटेशेजारी बसून उघडला. पिवळसर पान आलं, तारीख पडली, खाली फाईलीत घालून ठेवलेली ओळ आली: 'बोल, अक्का.'

“बठ्ठं तयार शे, अक्का,” नाना म्हणाले.

अक्कानं पडद्याकडं पाहिलं, मग नानांकडं. ओठ हलले. येऊ पाहत होती ती शिवी त्या चारशेंतली नव्हती, खास नानांसाठी नवी केलेली होती, एवढं त्यांना तिच्या डोळ्यांवरून कळलं. अक्षर फुटलं नाही.

नानांनी अठरावी सूचना लिहायला घेतली. काय मागावं ते सुचेना. पानावर तारीख आणि ती एक ओळ, एवढंच होतं. मिटताना एडिटरनं विचारलं, बदल जतन करायचे का? नानांनी 'हो' दाबलं.