गॅलरीतला बहर

बाळूभाऊजींनी आयुष्यात जे जे आरंभलं ते पालथं पडलं. आधी फोटो स्टुडिओ झाला, मग कोंबड्या झाल्या, मग शोभेचे मासे. दोनदा लग्न ठरलं आणि दोनदा मोडलं. पन्नाशी उलटली तरी घरात सगळे त्यांना बाळूच म्हणत, आणि त्या हाकेत शेंडेफळाचं कौतुक किती आणि कीव किती हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. त्यांनी मागच्या गॅलरीत झाडं लावायचं मनावर घेतलं तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "लाव बाबा. निदान झाडं पळून तरी जात नाहीत."

झाडंही त्यांनी जगावेगळी निवडली. काही अननसाच्या कुळातली होती, ब्रोमेलियाड. रुंद पानांचा पेला झालेला आणि त्या पेल्यातच पाणी घालायचं. बाकीचे एअर प्लांट. त्यांना तर मातीच लागत नाही. वाळक्या लाकडाच्या ओंडक्याला तारेनं बांधायचं, आठवड्यातून एकदा घमेल्यात बुडवून काढायचं आणि उलटं टांगून निथळू द्यायचं. थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, हसून म्हणाल्या होत्या, "बरं झालं भाऊजी. मातीच नाही, म्हणजे हात लावाल तिथे माती व्हायचा प्रश्नच मिटला." भाऊजीही हसले होते. बाळूची आई, वहिनींच्या सासूबाई, मात्र हसल्या नव्हत्या.

वहिनी एका दातांच्या लॅबमध्ये कामाला होत्या. कवळीतल्या दाताचा रंग माणसाच्या उरलेल्या दातांशी जुळवायचा हे त्यांचं काम. दिवसभर पिवळट, राखाडी, दुधी असल्या छटा बघून बघून त्यांची नजर अशी झाली होती की एखाद्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला तर त्यांना आधी कळायचं. त्या हिवाळ्यात भाऊजींच्या गालांवर लाली आली. सुरुवातीला त्यांना वाटलं, चला, छंदाचं तेज आहे.

भाऊजींनी गॅलरीला काचा लावून घेतल्या. कोरड्या वाऱ्यानं पानांची टोकं करपतात म्हणाले. गॅलरीच्या एका अंगाला न्हाणीघर आणि दुसऱ्या अंगाला सासूबाईंची खोली. सासूबाईंच्या पलंगाच्या वर एक झरोका होता, तो गॅलरीत उघडायचा. न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरचं धुराडं, म्हणजे चांगला मनगटाएवढा पत्र्याचा पाइप, गॅलरीतूनच आडवा जाऊन भिंतीच्या भोकातून बाहेर पडायचा. काचा बसवणाऱ्यानं एक फट मोकळी ठेवली होती. ती भाऊजींनी नंतर स्वतःच बुजवली.

त्याच सुमारास सासूबाई मंदावल्या. तोवर त्यांचे कान इतके तिखट होते की स्वयंपाकघरात चमचा पडला तर कुठला पडला ते त्या सांगत. आता त्या दुपारी झोपत आणि दिवेलागणीपर्यंत उठत नसत. डोकं जड आहे म्हणत, मळमळतंय म्हणत. एकदा वहिनींना त्यांनी लेकीच्या नावानं हाक मारली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "वय झालं की असं व्हायचंच." नवऱ्यानं मान हलवली. वहिनींनीही हलवली. मग नणंदेनं आईला चार दिवस आपल्याकडे नेलं तेव्हा फोनवर सासूबाईंचा आवाज खणखणीत आला. जावयाच्या घोरण्यावर त्यांनी दहा मिनिटं तक्रार केली. परत आल्या आणि आठवड्यात पुन्हा तशाच. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली, पण तिचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते काही कळेना.

आणि गॅलरीत बहर आला.

एखाददुसऱ्या झाडाला नाही, सगळ्यांना. पानांच्या पेल्यांतून लालभडक दांडे वर आले, त्यावर गुलाबी खवले, त्यातून जांभळी फुलं. टांगलेल्या एअर प्लांटची मधली पानं कोणी कुंचला फिरवावा तशी तांबडी झाली. हाताच्या पंज्यापेक्षा लहान अशी पिल्लं, ज्यांना फुलायला अजून दोन वर्षं होती, तीही फुलली. शेजारीपाजारी बघून गेले. थोरल्या भावानं पाठीवर थाप मारली. भाऊजी ताठ चालू लागले. जेवताना पहिल्यांदाच ते आपण होऊन बोलत, आणि बोलता बोलता मध्येच शब्द विसरून थांबत.

ज्यांच्याकडून झाडं आणली होती त्या रोपवाटिकेच्या मालकीणबाई एका सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बघायला आल्या. जाड आवाजाच्या, मोकळ्या स्वभावाच्या बाई. गॅलरीच्या दारातच कमरेवर हात ठेवून थबकल्या.

"अहो, काय खाऊ घातलंत तरी काय यांना?"

"काही नाही. सगळी निगराणी," भाऊजी म्हणाले.

"निगराणी माझीही आहे हो. पण ही एवढीशी पोरं? यांना आता फूल आलं म्हणजे ती पिल्लं न धरताच जायची. हे झाड एकदाच फुलतं वहिनी, मग पाठीमागे पिल्लं ठेवून सुकतं. म्हणून आम्ही घाई करत नाही. फारच गिऱ्हाइकाची निकड असली तर झाडाला पिशवीत घालून शेजारी पिकलेलं सफरचंद ठेवायचं. त्याच्या वाफेनं फुलतं." त्या भाऊजींकडे वळल्या. "आणि ती धुराची गंमत तुम्हाला मीच सांगितली होती की. पूर्वी लोक काचेच्या घरात धूर कोंडायचे, अर्धवट जळलेला. त्यानं बागच्या बाग एकदम फुलायची."

"आठवत नाही," भाऊजी म्हणाले. "चहा घेणार?"

त्यांच्या गालांवरची लाली वहिनींनी तेव्हा पुन्हा नीट पाहिली. निरोगी माणसाच्या अंगावर तो रंग नसतो.

दुसऱ्या दिवशी वहिनींचं कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाचे दात त्यांनी दोन छटा उजळ काढले. दुपारी त्यांनी डोकं दुखतंय असं सांगितलं आणि घरी निघाल्या. जिना चढताना त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. आपण कोणाबद्दल काय मनात आणतोय? सख्खा दीर, घरातला माणूस, मुंगीसुद्धा बाजूला सरकवून चालणारा.

दार उघडलं तर घर चिडीचूप. फक्त न्हाणीघरातून गिझरची घुरघुर येत होती. नवरा कामावर होता, सासूबाई झोपलेल्या. वहिनींनी न्हाणीघरात डोकावलं. आत कोणी नव्हतं. नळाची बारीक धार सुरू होती, तिच्यामुळे गिझर पेटलेला, आणि गरम पाणी सरळ मोरीत चाललेलं.

त्या गॅलरीत गेल्या. पत्र्याचा पाइप भिंतीच्या भोकातून काढून आत वळवलेला होता आणि भोकात स्पंज कोंबून वर चिकटपट्टी मारली होती. पट्टी जुनी होती, तिच्या कडांना धूळ बसली होती. भाऊजी स्टुलावर बसून ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत होते.

"लवकर आलात," ते म्हणाले.

"भाऊजी, हे कधीपासून?"

"नुसती ऊब लागते त्यांना."

"ऊब नाही. बाई काय म्हणाल्या ते मी ऐकलंय." वहिनींचा आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा शांत निघाला. "तुम्हाला माहीत होतं?"

भाऊजींनी फडकं पिळलं. "झाडांचं माहीत होतं."

"तुमचं डोकं दुखत नाही इथे बसून?"

"दुखतं. सवय होते."

"आणि आईंचं?"

भाऊजींची नजर वर झरोक्याकडे गेली नि तशीच खाली फुलांवर आली. वहिनींना पुढे कितीतरी दिवस तो क्षण आठवत राहिला. त्या नजरेत दचकणं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी धावत जाऊन गिझर बंद केला. परत येऊन काच सरकवायला गेल्या तर काचा स्क्रूनं आवळलेल्या. मग त्यांनी एअर प्लांट बांधलेला एक ओंडका खुंटीवरून उचलला आणि काचेवर घातला. भाऊजी उठले, पण अडवायला आले नाहीत. एवढंच म्हणाले, "वहिनी, वाऱ्यानं मरतील ती."

सासूबाई हाकेला उठल्या नाहीत. हलवलं तरी उठल्या नाहीत. ओठ गुलाबी, चेहरा टवटवीत, आणि माणूस जागचं हलत नव्हतं. शेजारच्यांना हाक मारून वहिनींनी त्यांना चादरीत घालून जिन्यात आणलं, तिथल्या उघड्या खिडकीपाशी. तेवढ्यात शेजाऱ्यांनी बोलावलेली अ‍ॅम्ब्युलन्स आली. इस्पितळातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "रक्तात धुराचं विष भिनलंय. घरात काही जळतं का? अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

नवरा धावतपळत आला. आई शुद्धीवर आली तेव्हा तो व्हरांड्यात भिंतीला टेकून रडला. वहिनींनी घरी गेल्यावर त्याला सगळं सांगितलं. नळ, पाइप, स्पंज, ती नजर.

"पाइप निसटला असेल," तो म्हणाला.

"अहो, पट्टी मारली होती."

"मग चुकला. तो मूर्ख आहे ग, पहिल्यापासून आहे. खुनी नाही."

"मी तो शब्द काढलेला नाही."

"मग कुठला काढलास?"

त्यासाठी वहिनींजवळ शब्दच नव्हता. नवऱ्यानं मात्र दुसऱ्या दिवशी कोणालाही न विचारता गिझर उपटला आणि स्वतःच्या खांद्यावरून खाली नेऊन भंगारात दिला. त्या दोघांत यापुढे हा विषय निघाला नाही. भाऊजींनी महिन्याच्या आत गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावर एक खोली घेतली. टेंपोत सामान थोडं आणि झाडं फार. जाताना ते वहिनींना म्हणाले, "राग नाही हं माझा." हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की वहिनींच्या अंगावर काटा आला.

सासूबाई घरी आल्या, हिंडू फिरू लागल्या, कान पुन्हा तिखट झाले. पण धाकट्याला सुनेनं घराबाहेर काढलं हे त्यांच्या मनानं घेतलं. वहिनींच्या हातचा चहा त्या घेईनात. शाल द्यायला गेलं तर खांदा आखडून घ्यायच्या. दर रविवारी बाळूचा फोन यायचा. खोली छान आहे, ऊबदार आहे, नवीन रोपं आणलीत, तू ये राहायला. थंडी पडू लागली तशी एक दिवस सासूबाईंनी पलंगाखालून बॅग ओढली आणि लुगडी भरायला घेतली.

वहिनी दारात उभ्या राहिल्या. "आई, जाऊ नका."

"का? तुझी परवानगी लागते?"

मग वहिनींनी दार लोटून घेतलं आणि इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. सासूबाई लुगड्याची घडी मांडीवर घेऊन ऐकत राहिल्या.

"मला ऐकू यायचं ग," त्या शेवटी म्हणाल्या. "भर दुपारी, घरात अंघोळीला कोणी नसताना. नळ सुरू व्हायचा, मग भप्प करून पेटायचं. वरून गरम वास यायचा."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? पहिल्यांदा काहीतरी जमलं होतं त्याला. दारातून आत येऊन म्हणाला, आई, फुललं. शाळेत असताना असा म्हणायचा, आई, पास झालो." त्यांनी घडी बॅगेत ठेवली. "म्हातारपणी झोप येते. आली तर आली म्हटलं."

वहिनी पुढे झाल्या, बॅग उचलली आणि माळ्यावर टाकली. "मी नाही जाऊ देणार. मग तुम्ही माझ्याशी जन्मात बोलला नाहीत तरी चालेल."

सासूबाई खरोखरच बोलेनाशा झाल्या. पण गेल्याही नाहीत.

कडाक्याची थंडी पडली त्या आठवड्यात रविवारचा फोन आला नाही. सोमवारी सकाळी नवरा तिकडे गेला. घरमालकानं आणि त्यानं मिळून दार फोडलं. खिडकीच्या फटींना पट्ट्या मारलेल्या होत्या, कोपऱ्यात कोळशाची शेगडी विझून राख झालेली, आणि बाळू खुर्चीत बसल्या जागी गेलेला.

नवरा घरी आला. आईसमोर जमिनीवर बसला आणि त्यानं सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. सासूबाई रडल्या नाहीत.

"फुलं आली होती का?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याला आधी प्रश्नच कळला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. सगळ्या झाडांना."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांच्या खांद्यावरची शाल घसरून खाली लोळत होती. वहिनी उठल्या, शाल झटकली आणि त्यांच्या पाठीवरून नीट गुंडाळली. सासूबाईंनी गुंडाळू दिली.

झाडं रोपवाटिकेच्या बाईंनी नेली. त्यातलं एकही पुढच्या ऋतूपर्यंत टिकलं नाही, असं त्यांनी नंतर कळवलं.