खेळाडूंची जर्नल्स

मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर ग्रंथपाल बाई टेबलावर चार जर्नल्स उघडून बसल्या होत्या आणि बेडकाचं हृदय चौथ्यांदा काढत होत्या. पहिल्या वहीतलं हृदय नीटनेटकं, दुसरीतलं जरा तिरकं, तिसरीत भागांची नावं देताना मुद्दाम केलेली एक चूक आणि चौथीत खोडरबराचा काळपट डाग. चार मुलींची चार अक्षरं बाईंना येत. अकरा वर्षांची सवय, हात चांगला बसला होता. आणि याचा त्यांना थोडाफार अभिमानही होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

शाळेत याला 'खेळाडूंचं काम' म्हणत. पाचवी-सहावीत एखादी काटक पोर दिसली, की क्रीडाशिक्षक तिच्या घरची चौकशी करत. घरी वही उघडून बघणारं कुणी असेल, तर तिला सोडून देत, कारण असे आईबाप प्रश्न विचारतात. आई कामाला, बाप कामाला किंवा बापच नाही, असं कळलं की ती पोर क्रीडा तुकडीत. मग हजेरीपटावर ती रोज हजर आणि वर्गात कधीच नाही. चाचण्यांचे पेपर मागाहून ऑफिसात 'पूर्ण' व्हायचे, जर्नल्स ग्रंथालयात. पोर मैदानावर पळायची आणि शाळेच्या दर्शनी कपाटात ढाली वाढायच्या. एवढं सगळं उघडउघड चालायचं आणि कुणाला त्याची घाण वाटायची नाही. उलट सगळे म्हणायचे, गरिबांच्या पोरींचं भलं करतोय.

बाईही तेच म्हणायच्या.

चौथं जर्नल भिंगरीचं होतं. भिंगरी म्हणजे आठशे मीटर पळणारी, शाळेची सध्याची लाडकी. ती दारात आली तेव्हा बाईंनी जर्नल झाकलंसुद्धा नाही. तिच्यामागून तिची आई आली. इस्पितळाच्या धुलाईत कामाला होती ती. साबणाच्या पाण्यानं बोटांची टोकं पांढरी पडलेली, आणि चप्पल दाराबाहेर काढून आत आलेली.

"बाई, कॉलेजचं पत्र आलंय," आई म्हणाली. हसू तोंडावर मावत नव्हतं. "हिला घेणार म्हणतात. फी माफ, राहायला खोली. आमच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजचं दार बघितलेलं नाही."

बाईंनी पत्र वाचलं. सगळं खरं होतं. फक्त शेवटी एक अट होती. तीन आठवड्यांनी, सोमवारी, मुलाखतीला यावं आणि तिथे समोर बसून स्वतःविषयी एक पान लिहावं.

"एवढंच ना? बस इथं, आत्ताच लिहून बघ," बाई म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला.

भिंगरीनं पेन धरलं. नाव लिहिलं, शाळेचं नाव लिहिलं, आणि थांबली. पेन कागदावर टेकवून ती बाईंकडे बघत राहिली.

"लिही की. 'मी रोज पहाटे मैदानावर जाते.'"

तिनं 'मी' लिहिलं. मग बराच वेळ गेला. मग 'रज' असं काहीतरी लिहिलं आणि ते हातानं झाकून घेतलं.

"अगं, तू शेवटची वर्गात कधी बसलीस?"

"सातवीत, बाई. पाय मुरगळला होता तेव्हा. आठ दिवस बसले होते." ती जराशी हसली. "बरं वाटायचं."

तिच्या आईचा चेहरा बघवत नव्हता. "पण मार्क तर बासष्ट टक्के आहेत हिला! मी गुणपत्रिका जपून ठेवल्यात सगळ्या, ट्रंकेत, साड्यांच्या खाली." ती आधी मुलीकडे, मग बाईंकडे आणि मग टेबलावर पडलेल्या जर्नलकडे बघायला लागली. बाईंनी आता कुठे ते मिटलं.

आई खुर्चीत बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "तुमच्या शाळेची ती उंच उडीवाली माझ्याच खात्यात लागलीय. रोग्यांच्या कपड्यांच्या पिशवीवर चिठ्ठी होती, उघडू नये म्हणून. तिनं उघडली, नुसत्या हातांनी. आत वापरलेली सुई होती, ती टोचली. आता दर महिन्याला रक्त तपासायला जाते. मी तिला म्हटलं, डोळे फुटले होते का गं तुझे? तर मान खाली घालून रडत बसली. मला वाटलं निष्काळजी आहे." ती थांबली. "तिला वाचताच येत नसणार. हो ना, बाई?"

उंच उडीवालीची जर्नल्स बाईंनी सलग पाच वर्षं लिहिली होती. तिचं अक्षर डावीकडे झुकणारं होतं. म्हणजे बाईंनी तिला दिलेलं अक्षर.

आता इथे कुणी म्हणेल, की बाईंचे डोळे त्याच क्षणी उघडले. छे! सवय इतक्या सहजासहजी सुटत नाही. बाईंनी काय केलं, तर घरी जाऊन भिंगरीसाठी एक सुंदर पान लिहून आणलं. सोपे शब्द, छोटी वाक्यं. "हे रोज वीस वेळा बघून काढ. हाताला पाठ झालं की मुलाखतीत तसंच्या तसं उतरवायचं," असं तिला समजावलं. पोर जीव तोडून कामाला लागली. सहा दिवसांत तिनं एक आख्खी वही भरली. सातव्या दिवशी न बघता पान उतरवून दाखवलं, एक काना इकडचा तिकडे नाही. बाई खूश झाल्या.

"बाई," भिंगरीनं विचारलं, "यात मी काय म्हणतेय?"

बाईंनी पानाकडे पाहिलं. 'माझ्या शाळेने मला घडवले. माझ्या शिक्षकांचे ऋण मी कधीही फेडू शकणार नाही.' स्वतःच्या हातानं लिहिलेली ती वाक्यं वाचताना त्यांना शिसारी आली, शाळेची आली आणि त्याहून जास्त स्वतःची आली. सतरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी तिला न कळणारे आभार कोंबले होते त्यांनी, आणि वर तिच्याकडून वीस-वीस वेळा गिरवून घेतले होते. त्यांनी पान फाडलं. भिंगरी घाबरली, तिला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं.

"तुझं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "दुसरीचं पुस्तक काढ त्या खालच्या कप्प्यातलं. इथे माझ्याशेजारी बस."

दुसऱ्या दिवशी बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. क्रीडाशिक्षक तिथेच चहा पीत बसले होते. कपाटाच्या काचेला नुकतंच पॉलिश केलेलं होतं, त्याचा वास खोलीभर होता.

"सगळ्या खेळाडूंना रोज निदान दोन तास वर्गात बसवा. भिंगरीला तर चार," बाई म्हणाल्या. "जर्नल्स मी यापुढे लिहिणार नाही."

"बाई, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मुख्याध्यापक प्रेमानं म्हणाले. "कॉलेजवाल्यांना मी फोन करतो ना. पानबिन काही लिहावं लागणार नाही. त्यांनाही पळणारी पोरगीच हवीय, कवयित्री नकोय."

"आणि तिथे पाय मोडला तर?"

क्रीडाशिक्षकांनी बिस्कीट चहात बुडवलं. "उगाच कशाला अपशकुन करता? या पोरी वर्गात बसून काय दिवे लावणार होत्या? धुणीभांडीच करणार होत्या ना? आम्ही त्यांना पेपरात आणलं, फोटोत आणलं. निदान एवढं तरी मिळालं."

बिस्कीट अर्धं तुटून कपात पडलं, ते चमच्यानं काढून त्यांनी खाल्लं. बाई त्या तोंडाकडे बघत होत्या. अकरा वर्षं या माणसाबरोबर आपण एकाच ताटात जेवल्यासारखं काम केलं, असं त्यांच्या मनात आलं.

मुख्याध्यापकांचा आवाज तेवढाच गोड राहिला. "एक लक्षात घ्या. हजेरी यांची, पेपर ऑफिसचे, त्यात कुणाचं नाव नाही. जर्नल्स मात्र सगळी तुमच्या हातची आहेत. बोभाटा झाला तर पहिल्या तुम्हीच जाल."

"हो, जाईन," बाई म्हणाल्या. पण आवाज कापला आणि तो त्या दोघांनाही ऐकू आला. दोघं एकमेकांकडे बघून हसले.

त्यानंतर क्रीडाशिक्षकांनी भिंगरीचा सराव वाढवला, म्हणजे ग्रंथालयात यायला तिला वेळच मिळू नये. तरी ती यायची. घामानं निथळत, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायची. जोडाक्षर आलं की दातांखाली ओठ धरायची. कधी वैतागून पुस्तक मिटायची, पाच मिनिटं खिडकीबाहेर बघत बसायची आणि पुन्हा उघडायची. दहा दिवसांत दुसरीचं अर्धं पुस्तक झालं. सोमवारच्या पानाला ते पुरणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मुलाखतीच्या आधीच्या शनिवारी बक्षीस समारंभ होता. पाहुणे म्हणून खेळाचं सामान विकणारे एक बडे व्यापारी आले होते. हॉल पालकांनी भरलेला. मुख्याध्यापकांनी भिंगरीच्या कौतुकाचे पूल बांधले, कॉलेजचं नाव दोनदा घेतलं. पाहुण्यांनी आधी बाकीच्या खेळाडूंना आणि शेवटी तिला जाड कागदाचं प्रमाणपत्र दिलं, फोटो निघाले. क्रीडाशिक्षकांनी आभाराची दोन वाक्यं तिच्याकडून घोटून घेतली होती. त्यांनी तिला माईकपुढे उभं केलं आणि खुणेनं सांगितलं, बोल.

भिंगरी बोलली नाही. तिनं प्रमाणपत्र डोळ्यांसमोर धरलं.

"प्र... मा... ण..." तिचं बोट कागदावरून सरकत होतं. "प्रमाण... पत्र. या..."

पुढच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. क्रीडाशिक्षक पुढे झाले, "राहू दे, राहू दे, आभार मान." तिनं खांद्यानं त्यांचा हात झटकला.

"मला हे वाचता येत नाही," ती माईकमध्ये म्हणाली. "मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला बासष्ट टक्के आहेत. सोमवारी कॉलेजात पण मी हेच सांगणार आहे. घेतलं तर घेतील."

पाहुणे घड्याळात बघायला लागले. भिंगरीची आई शेवटच्या रांगेत पदर तोंडावर दाबून उभी होती, पण तिनं मुलीला खाली बोलावलं नाही.

तिसऱ्या रांगेतून बाई उठल्या.

"तिची जर्नल्स मी लिहिली आहेत. या शाळेतल्या सगळ्या खेळाडूंची, अकरा वर्षं, मीच लिहिली आहेत," त्या मोठ्यानं म्हणाल्या. या वेळी आवाज कापला नाही.

"बाई, खाली बसा," मुख्याध्यापक म्हणाले. गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

"बाई," भिंगरीनं स्टेजवरून विचारलं, "'या'च्या पुढचं जोडाक्षर कोणतं?"

बाई स्टेजवर गेल्या. तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. अक्षर सांगितलं नाही, ते कसं फोडायचं तेवढं सांगितलं. भिंगरी वाचत गेली. प्रावीण्यापाशी अडली, उत्कृष्टपाशी दोनदा अडली, स्वतःच्या नावावरून सुसाट गेली. कुणी तरी माईक बंद केला, तरी ती थांबली नाही, आणि हॉल इतका गप्प होता की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. आठशे मीटर ती सव्वादोन मिनिटांत पळायची. त्या सहा ओळींना तिला सात मिनिटं लागली.

वाचून झाल्यावर कुणीतरी टाळी वाजवली, मग आणखी दोघा-तिघांनी.

"टाळ्या नकोत," बाई म्हणाल्या. "खेळाडूंच्या आयांनो, तुम्ही घरी जाऊ नका. आपापल्या पोरीच्या हातात प्रमाणपत्र द्या आणि इथेच, आत्ता, तिला वाचायला सांगा."