उत्तरेच्या उतारावरचा बांबू

तामोत्सुनं माळ्यावरून तो बांबू खाली काढला तेव्हा फुमिए स्वयंपाकघरात मुळे सोलत होती. शिडी करकरलेली तिनं ऐकली, धूळ झटकलेली ऐकली, आणि जुन्या कापडाची गाठ सुटली तीही ऐकली. तिचे कान तसे होते. नवऱ्याचे तसे राहिले नव्हते, आणि घरातली सगळी पंचाईत तिथंच होती.

"अहो, तो कशाला काढलात?"

"काय?"

"तो बांबू. कशाला काढलात म्हटलं."

"वेळ झाली त्याची," तो म्हणाला. बांबूच्या मुळाकडच्या गाठीवरून त्यानं अंगठा फिरवला, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. "हात आता कुठं तयार झालाय."

फुमिएनं सुरी खाली ठेवली. हात तयार झाला होता हे खरंच होतं. बासऱ्या करण्यात आयुष्य गेलं त्याचं, पण एवढ्या वर्षांत तिनं त्याचा हात इतका हलका, इतका ठाम कधी पाहिला नव्हता. म्हणून तर तिला जास्त भीती वाटली.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दोघांनी तो खणून काढला होता. देवळामागच्या टेकडीच्या उत्तरेच्या उतारावर ऊन फारसं येत नाही. तिथला बांबू रडतखडत वाढतो आणि अंगानं जाड होतो. तामोत्सु गुडघे टेकून मुळं मोकळी करत होता आणि नवी नवरी खोड मिठीत धरून उभी होती, ते त्याच्या डोक्यात पडू नये म्हणून. बांबू निघाल्यावर त्यानं बोटाच्या पेरानं तो ठोकला, कान लावला आणि म्हणाला, "हा विकायचा नाही." मग कोळशावर शेकून त्याचं तेल काढलं. पुसायला चिंधी मिळेना, तेव्हा फुमिएनं माहेरून आणलेला सुती किमोनो फाडला. उन्हात वाळून हिरवा बांबू पिवळा झाला, कापडात गुंडाळला गेला आणि माळ्यावर जाऊन बसला. दर वर्षाअखेरी तामोत्सु तो काढायचा, ठोकायचा आणि परत ठेवायचा. "अजून नाही. हात तयार नाही."

आणि आता हात तयार झाला, तर कान गेले.

सुरुवात रातकिड्यांपासून झाली. एका शरदात तो म्हणाला, यंदा किडे नाहीत. फुमिएला तर किड्यांच्या कलकलाटानं डोळा लागत नव्हता. मग किटलीची शिट्टी गेली. मग टीव्ही इतका मोठा झाला की शेजारच्या कितानोबाईंना घरबसल्या बातम्या कळायला लागल्या. शेवटी मुलगी, चिनात्सु, ओसाकाहून आली आणि बापाला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, खालचे आवाज ठीक आहेत, वरचे गेलेत, ते परत यायचे नाहीत. कानात घालायचं यंत्र आलं. तामोत्सुनं ते घातलं, एक बासरी वाजवली आणि लगेच काढलं.

"पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं वाटतं. टीव्हीला ठीक आहे. बासरी मी हाडानं ऐकतो, जबड्यातून." आणि यंत्र कानशींच्या खणात गेलं, ते तिथंच राहिलं.

शाकुहाची, म्हणजे ही उभी धरून वाजवायची बांबूची बासरी, करणारे दोन तऱ्हेचे असतात. एक, आतून लाखेचा आणि मातीचा लेप देऊन नळी गुळगुळीत, मोजून-मापून करणारे. त्यांच्या बासऱ्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारख्या, सगळ्या एका सुरात आणि सगळ्या शहाण्या. दुसरे तामोत्सुसारखे. आत लेप नाही, बांबूच्या पोटात जे आहे तेच. पेरांचे पडदे आतून थोडे-थोडे घासत जायचं, वाजवून बघायचं, पुन्हा घासायचं. अशी प्रत्येक बासरी वेगळी निघते. एखादी सर्दी झालेल्या मावशीसारखी, पण मायाळू. एखादी वारा अंगावर घेऊन वाढलेली, कडक, दोन शब्दांत बोलणारी. एखादी खाली गप्प असते आणि वरच्या सुरात अचानक मन मोकळं करते. एकच गोष्ट लक्षात ठेवायची. घासलेलं परत लावता येत नाही.

वरची चकाकी कानापर्यंत पोचेना, तशी तामोत्सुला प्रत्येक बासरी बसलेल्या गळ्याची वाटायला लागली. मग तो घासायचा. त्याला पुरेसं ऐकू येईपर्यंत घासायचा. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या बासऱ्या सगळ्या फुसफुसत होत्या. सुरापेक्षा हवा जास्त. घेणाऱ्यांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या, कमरेत वाकून तारीफ केली, नंतर संत्र्यांची पेटी पाठवली आणि ते पुन्हा आले नाहीत. कुणी काही बोललं नाही. या गावात माणसाच्या तोंडावर त्याचं काम बिघडलं असं सांगायचं, तर सांगणाऱ्याला आधी दुसऱ्या गावात घर बघावं लागेल.

तामोत्सु कामाला लागला. कामाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक पातळ भिंत होती. फुमिए तांदूळ धुताना, चहाच्या पाण्यात शिजणारी भाताची पेज ढवळताना, मुळ्यांना मीठ चोळताना भिंतीपलीकडचं सगळं ऐकायची. आधी नुसता दबलेला घुमा आवाज. मग रोज थोडा मोकळा. चौथं भोक पाडलं त्या दिवशी आवाजाला नाक-डोळे आले. मागचं पाडलं, तसं ते माणूस ओळखीचं वाटायला लागलं.

आणि एक दिवस जेवणाच्या सुमारास तो सूर आला.

सगळी भोकं बंद करून वाजवतात तो खालचा सूर. फुमिएच्या हातात पळी होती, ती तशीच राहिली. त्या सुराला अंग होतं. दमट होता, थंड होता, पण आत कुठंतरी ऊब होती, मिठीत धरलेल्या खोडाची असते तशी. आणि त्याच्यावर अगदी बारीक एक चकाकी होती, पानावरच्या दवासारखी. बस्स, एवढीच. याच्या पुढे काही नव्हतं.

भिंतीपलीकडे कानस पुन्हा सुरू झाली.

ती चहाचा ट्रे घेऊन गेली. चहा केलेलाच नव्हता, हे तिला दारात पोचल्यावर कळलं.

"अहो, झाली."

"काय झाली? पेज?"

"बासरी. बासरी झाली. आता हात लावू नका."

तामोत्सुनं मान वर केली आणि हसला. "तुला काय, सगळ्याच छान वाटतात."

"ही खरंच झालीय."

"त्या तडकलेल्या बासरीलाही तू छान म्हणाली होतीस. चिनात्सुनं शाळेत नळाच्या पाइपाची केली होती, तिलाही."

हे मात्र खरं होतं. संसार सुरू झाल्यापासून तो प्रत्येक बासरी घेऊन बाहेर यायचा आणि विचारायचा, "कशी झाली?" आणि ती म्हणायची, "छान झाली." आधी नवी नवरी म्हणून. मग त्याचा चेहरा पाहून. मग सवयीनं, कधी कांदा चिरता चिरता, निम्मं न ऐकता. तिचा शब्द गुळगुळीत झाला होता, जुन्या लाकडी चमच्यासारखा. आता त्याच्यानं काही टोचता येत नव्हतं.

"बाकीच्यांचं सोडा," ती म्हणाली. "ही खरंच."

"म्हणजे बाकीच्या खोट्या?"

फुमिएनं रिकामा ट्रे छातीशी धरला. आत्ता बोलायला हवं होतं. बोललं असतं तर कदाचित सगळं वाचलं असतं. पण जे सांगायचं होतं ते जवळ बसून, हात हातात घेऊन, हळू आवाजात सांगायचं असतं. आणि हळू आवाज त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. "तुमचे कान गेलेत, तुम्ही बासऱ्या बिघडवताय" हे कितानोबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात कसं ओरडायचं?

"चहा आणते," ती म्हणाली.

"काय?"

"चहा."

तो जेवून आडवा झाला तेव्हा तिनं लांब कानस उचलली आणि तांदळाच्या डब्यात खुपसली. मग हिराओका सेन्सेईंना फोन लावला. ते गावातल्या सगळ्यांना बासरी शिकवायचे आणि त्यांचा शब्द तामोत्सु मानायचा.

"सेन्सेई, उद्या या. वाजवा आणि सांगा, झाली म्हणून. माझं ऐकत नाहीत."

"तुमचं नाही ऐकत तर माझं काय ऐकणार, बाई."

"तुमच्याकडे आहे ना त्यांची, मागच्या वर्षीची?"

"आहे की. सुरेख आहे."

"कपाटात आहे ना, सेन्सेई?"

"कपाटात अगदी चांगल्या जागी आहे," ते म्हणाले. "येतो उद्या."

तोवर तामोत्सु उठला होता आणि शोधाशोध करून तांदळाच्या डब्यापर्यंत पोचला होता.

"फुमिए, कानस तांदळात कशी गेली?"

"उंदरानं नेली असेल."

"कानस?"

"मोठा आहे उंदीर."

तो मान हलवत कानस पुसत गेला. सगळं आयुष्य एका बाईबरोबर काढल्यावर माणूस फार प्रश्न विचारत नाही. पण त्या दिवशी त्यानं पुढं घासलं नाही, फक्त वाजवून बघत राहिला. दिवस वाचला म्हणून फुमिएनं देवघरातल्या ताटलीत वाफाळता भात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सेन्सेई मऊ तांदळाच्या मिठाईचा डबा घेऊन आले. बासरी दोन्ही हातांनी कपाळाला लावून त्यांनी ओठाशी नेली. फुमिए दारात बसून होती. खालचा सूर आला आणि सेन्सेईंचे खांदे खाली गेले, ओझं उतरवल्यासारखे. त्यांनी एक जुनी चीज वाजवली. मध्येच थांबले. डोळे मिटलेलेच होते. फुमिएला वाटलं, आता तरी. आता तरी भिंतीला दार फुटेल.

"सुगिमोरी-सान," सेन्सेई तामोत्सुला म्हणाले, मुद्दाम मोठ्यानं आणि एकेक शब्द सुटा करून. "ही झाली. याच्यापुढं काही करू नका. अशी बासरी मी आजवर हातात धरली नव्हती."

तामोत्सु कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकला. सेन्सेईही वाकले. मिठाई झाली, चहा झाला, यंदाच्या थंडीबद्दल बोलणं झालं. निघताना सेन्सेईंनी फुमिएकडे पाहिलं, आणि तिनं डोळ्यांनीच आभार मानले.

दार लागल्यावर तामोत्सुनं बासरी पुन्हा हातात घेतली.

"किती भला माणूस," तो म्हणाला. "मागच्या वर्षीच्या बासरीलाही हेच म्हणाला होता. याच शब्दांत. आणि आज तर मिठाई घेऊन आला. फारच बसलेल्या गळ्याची वाटली असणार त्याला."

"अहो, नाही. ते मनापासून बोलले."

"काय?"

"मनापासून!"

"हो, मनानं चांगलाच आहे तो," तामोत्सु म्हणाला आणि कानस उचलली.

मग फुमिए स्वयंपाकघरात जाऊन बसली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. वर्तमानपत्रावर पिवळी भुकटी पडत होती, तिचाही आवाज तिला ऐकू येतोय असं तिला वाटायचं. आधी खालच्या सुराचं अंग गेलं. ताप आलेल्या पोरासारखा तो दिवसागणिक वाळत गेला. मग ऊब गेली. एकदा ती धीर करून म्हणालीही, "आतून थोडासा लेप दिलात तर?" त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं सूपमध्ये साखर घालायला सांगितलं होतं. शेवटी त्यानं ओठाशी धरायची कडही तासली, आणि उरली होती ती चकाकी सगळीकडे पसरून नुसती सुरीच्या पात्यासारखी झाली. फुमिए कधी नळ सोडायची, ऐकू येऊ नये म्हणून. आणि लगेच बंद करायची. एवढी वर्षं जपलेल्या बांबूला जाताना कुणीतरी सोबत बसायला नको का?

पहिली कडक थंडी पडली त्या दुपारी तामोत्सु बासरी घेऊन ओसरीवर आला. फुमिए अंगणात बादलीत मुळे धूत होती. तो टेकडीकडे तोंड करून बसला आणि वाजवू लागला. फुसफुस. भोक पडलेल्या भात्यासारखी हवा, आणि तिच्यात लांब कुठंतरी सुराची आठवण. पण त्याचा चेहरा लग्नाच्या वर्षीचा होता. तो चेहरा तिनं फार दिवसांत पाहिला नव्हता.

"आता मोकळी झाली," तो म्हणाला. "ऐकलास खालचा सूर? कशी झाली?"

तिनं तोंड उघडलं. तो शब्द एरवी न बोलावता यायचा. आज आला नाही. पाण्यात तिची बोटं लाल झाली होती, ती तिनं उगाच मुळ्यावरून फिरवली.

"काय गं? या वेळी काहीच म्हणाली नाहीस?"

"म्हणाले की," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "म्हणाले! तुम्हाला ऐकू आलं नसेल."

तामोत्सुचा हात कानाकडे गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "असेल," तो म्हणाला. "हल्ली जरा होतं तसं. मग परत म्हण ना."

फुमिए उठली, एप्रनला हात पुसत ओसरीपाशी गेली, त्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली, "छान झाली!"

कुंपणापलीकडे कितानोबाई संत्री तोडत होत्या. त्यांनी झाडातून डोकं बाहेर काढलं. बासरी त्यांनीही ऐकलीच होती. त्या एकदा फुमिएकडे आणि एकदा म्हाताऱ्याकडे बघत राहिल्या, आणि हातातल्या संत्र्यांसकट कमरेत वाकल्या.

"हो ना," त्या म्हणाल्या. "छानच की."

"काय म्हणतायत त्या?" तामोत्सुनं विचारलं.

"छान म्हणतायत."

त्यानंही बसल्या जागेवरून वाकून आभार मानले. मग ओठ ओले केले आणि पहिल्यापासून पुन्हा वाजवायला घेतलं. फुमिए बादलीपाशी परत गेली आणि तिनं हात गार पाण्यात घातले.