सगुणेच्या पेजेची डवली

मित्रांनो, हसू नका, मी करवंटीच आहे. पण नुसती नव्हे! नारळाची करवंटी घासून गुळगुळीत केली, तिला भोकं पाडून लाकडी दांडा बसवला, की आमच्या मालवणकडे तिला डवली म्हणतात. तुमच्या पितळी पळीची मी थोरली बहीण समजा. आता माझी कड झिजली आहे आणि दांडा खुळखुळतो, पण सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ आहे.

सगुणेच्या बापाने मला तिच्या लग्नासाठी घडवलं. माझं काम एकच, सकाळी पेज ढवळायची आणि वाढायची. पेज म्हणजे लाल उकडे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून केलेलं आमचं सकाळचं जेवण. चिमूटभर मीठ आणि बाजूला लोणच्याची फोड. सकाळी कुणीही भेटलं की "पेज जेवलंस?" असंच विचारायचं. ते दिवस आठवले की अजून माझा जीव कासावीस होतो.

सन १९५५ मध्ये सगुणेच्या नवऱ्याला, भिवाला, पिंपरीच्या एका कारखान्यात काम लागलं. जवळच्याच चिखली गावात गवराबाईंच्या घराला लागून त्यांना खोली मिळाली. गवराबाई शेतकरीण. मन मोठं आणि आवाज त्याहून मोठा. भिवा सायकलवरून शिफ्टला गेला, की मागे सगुणा आणि मी. गावाहून आणलेल्या तांदळाची पेज व्हायची आणि ती एकटीच जेवायची.

पहिल्याच आठवड्यात ती विहिरीवरून रडवेली होऊन आली आणि भिवाला सारं सांगितलं. तिथे गवराबाईंनी विचारलं, "न्ह्यारी झाली का गं?" मराठवाड्यातून आलेल्या सोजराबाईंनी विचारलं, "भाकर खाल्ली का?" मास्तरांच्या सुमनताई म्हणाल्या, "चहा-फराळ झाला ना?" एकाच सकाळची किती ही नावं! आमची सगुणा साधी. म्हणाली, "होय, पेज जेवलंय."

"पेज? अगं बया!" गवराबाई ओरडल्या. "आजारी कोन हाय तुमच्यात?"

इकडे पेज फक्त तापकऱ्याला देतात, हे तिला कुठे ठाऊक होतं? संध्याकाळपर्यंत भिवाला काहीतरी मोठं दुखणं आहे, अशी आवई उठली. सोजराबाई लिंबं घेऊन आल्या, पण दुखणं लागेल या भीतीने दारातूनच देऊन परत गेल्या. सगुणा लाजेने अर्धी झाली. "उद्यापासून भाकरीच करतंय," ती म्हणाली, आणि मला खुंटीवर टांगलं.

खुंटीवर! चांगल्या धडधाकट डवलीला! मला असा राग आला म्हणता! सगुणा विहिरीवर "न्याहारी झाली" म्हणायला शिकली. घरी येऊन भाकरीचा तुकडा पाण्याबरोबर गिळायची आणि माझ्याकडे बघत बसायची. मग माझा राग कुठल्या कुठे जायचा आणि मला नुसतं रडू यायचं.

पुढल्या वर्षी तिला दिवस गेले. पोटात काही ठरेना, डोळे खोल गेले. गवराबाईंनी तिचे डोहाळे पुरवायचं मनावरच घेतलं. चिंचा आणल्या, पुरणपोळी केली, ओला हरभरा भाजून दिला. "माका कायच नको," सगुणा म्हणायची. साफ खोटं! तिला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. पण आजाऱ्याचं खाणं डोहाळ्यात मागायचं कुठल्या तोंडाने? आणि मला बोलता थोडंच येतं?

एक दिवस चुलीपुढे तिला भोवळ आली. गवराबाई धावत आल्या. "आता सांगतीस का न्हाई? का पोटातल्या लेकराला उपाशी मारतीस?"

सगुणेचा बांध फुटला. "मावशी, माका पेज होयी."

गवराबाई तिच्याजवळ खाली बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "येवढंच व्हय गं? आन् माज्या तोंडाला भिऊन गप बसलीस इतके दिस?"

त्यांनी मला खुंटीवरून काढलं. घरचा आंबेमोहोर आणून पेज चुलीवर ठेवली आणि मला असं घुसळलं, की दांडा निखळतो की काय! "हळू गो मावशी," सगुणा बसल्या जागेवरून शिकवत होती. पण उकड्या तांदळाची चव कुठून येणार? तरी पहिला घोट घेतला आणि तिला घर आठवलं. मलाही आठवलं. रडत रडत तिने वाडगा संपवला आणि दुसरा मागितला.

तेव्हा गवराबाईंनी काय करावं? टोप उचलून बाहेर ओट्यावर नेला, सगुणेला शेजारी बसवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत स्वतःही वाढून घेतलं. हंडा घेऊन चाललेल्या सोजराबाई थबकल्या. "कोन बिमार हाय?"

"कुनी न्हाई," गवराबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आमी दोघी पेज जेवतोय. ठेव हंडा, तुलाबी वाढते."

सगुणेला मुलगी झाली. आता बोलायला लागली आहे, आणि सकाळी "न्ह्यारी दे" म्हणते. सगुणा हसते, देते, आणि मग माझ्याकडे बघते. मालवणचे माड मला पुन्हा दिसले नाहीत, दिसणारही नाहीत. मित्रांनो, तुमच्या शेजारी परगावचं कुणी राहायला आलं, तर सकाळच्या खाण्याला ते काय म्हणतात एवढं विचारा, आणि ते वाढतील तेव्हा त्यांच्याजवळ बसून जेवा.