निऱ्या पुढं असलेला किल्ट

मी किल्ट बोलतोय. घागरा म्हणालात तरी मला राग नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडी लागू नये, हे मी बापूसोंच्या दुकानात शिकलो. स्कॉटलंड नावाच्या मुलखात पुरुषमाणसं माझ्यासारखं गुडघ्यापर्यंतचं घेरदार वस्त्र नेसतात म्हणे. मी तिकडं गेलेलो नाही. माझा जन्म इचलकरंजीच्या मागावर झाला, एका शाळेतल्या मुलींच्या स्कर्टासाठी. हिरवी-निळी चौकडी आणि मधून पिवळी रेघ.

पुढच्याच वर्षी शाळेनं रंग बदलला. ताग्यातला शेवटचा तुकडा म्हणून मी महाद्वार रोडलगतच्या बोळात बापूसोंच्या गादीमागं, वरच्या फळीवर राहिलो. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलं की कापडसुद्धा धंदा शिकतं. गिऱ्हाईक ज्याला नावं ठेवतं तेच घेतं. ज्याचं तोंडभरून कौतुक करतं, ते ‘घरी विचारून येतो’ म्हणून सोडून जातं. माझं सगळे कौतुक करायचे. दर दिवाळीला फळी झाडताना बापूसो मला हातात घेऊन म्हणायचे, “ह्याची पायपुसणी करून टाकूया.” आणि परत वर ठेवायचे.

मग सयाजी आला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर काम आणि सुट्टीला आण्णांच्या बँडात. आण्णा फौजेत बॅगपाइप, म्हणजे काखेत पिशवी दाबून फुंकायचा बाजा, वाजवून रिटायर झालेले. गावी येऊन त्यांनी वरातीसाठी फौजी बँड काढला. नियम एकच: ज्याचा किल्ट, तो रांगेत; आणि किल्ट ज्यानं त्यानं आपला आणायचा. सयाजी बॅगपाइप झकास वाजवायचा, पण किल्ट नव्हता. म्हणून दोन हंगाम तो बँडामागं जनरेटरची गाडी ढकलत होता.

त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण हुपरीला त्याच्या मेव्हण्याचं लग्न ठरलं आणि सासूबाई झुंबरबाईंनी बँड आण्णांचाच सांगितला. का, तर जावई त्यात बाजा वाजवतात म्हणून. हे त्यांना खुद्द जावयानंच सांगितलेलं.

तेव्हा बायको क्रांती त्याला धरून दुकानात घेऊन आली.

“या पावणं, काय दावू?” बापूसो म्हणाले.

“किल्टचं कापड,” सयाजी खाली बघत म्हणाला.

“लोकरीचं पायजे व्हय?”

“तयार लोकरीचा बघून आलोय. त्या पैशात गाडीची दोन्ही टायरं येत्यात.”

“आन् टायरं नेसून वाजवता येत न्हाय,” क्रांती म्हणाली. “तो वरचा चौकडा काढा बघू. अगं बाई, केवढी धूळ! आन् रंग ह्यो असला, शाळंतला.”

नावं ठेवली! मी फळीवर सावरून बसलो.

“वैनी, धूळ फुकट हाय,” बापूसो म्हणाले. “ह्येच कापड पोरींनी वरीसभर घसरगुंडीवर घासलंय. फाटलं न्हाय.”

“मग निम्म्यात द्या.”

“निम्म्यात देऊन मी काय नेसू?”

सौदा झाला. तोट्यात दिलं, असं बापूसो म्हणाले. खरं काय ते मला ठाऊक आहे, पण ज्या दुकानात वाढलो त्याच्या गोष्टी बाहेर सांगत नाही.

शिंप्यानं शिलाई माझ्या किमतीपेक्षा जास्त सांगितली. मग गल्लीतल्या चिमणाबाई. त्या पोलकी शिवतात, साड्यांना फॉल लावतात. आता सयाजीनं दोन हंगाम बँड बघितलेला, तो गाडीमागून. त्याला सगळ्यांच्या पाठीच तेवढ्या ठाऊक. पाठीमागं चुण्या असायच्या, त्याअर्थी सगळीकडनंच असणार, असा त्याचा हिशोब.

“सगळीकडनं निऱ्या घालायला कापड पुरायचं न्हाय,” चिमणाबाई म्हणाल्या. “म्होरं घालू, मागं सपाट ठिऊ. निऱ्या म्होरंच असत्यात, बाबा. जलम नऊवारीत गेलाय माझा.”

सयाजीला पटलं. पुढं त्यांनी पोटाला बेताची जागाही ठेवली.

लग्नाच्या दिवशी तिन्हीसांजेला हुपरीत बँड रांगेत उभा राहिला. आण्णा छडी घेऊन एकेकाला बघत आले आणि माझ्यापुढं थांबले.

“सयाजी, उलटा नेसलाईस. किल्ट म्होरं सपाट, निऱ्या मागं. फिरीव.”

सयाजीनं फिरवला. मी निम्म्यात अडकलो.

“फिरंना, आण्णा. पोट म्होरं हाय.”

“मग गाडीकडं जा.”

सयाजीनं बॅगपाइप खांद्यावरनं उतरवला. समोर बायकांत क्रांती उभी होती. ती हातातल्या अक्षतांकडं मोजल्यागत बघत राहिली. तेवढ्यात झुंबरबाई पानसुपारीचं ताट घेऊन आल्या.

“का खोळंबलाय?”

“आक्का, तुमच्या जावयानं उलटं नेसलंय.”

झुंबरबाई ताट घेऊन अख्ख्या रांगेला एक फेरी घालून आल्या.

“आमच्या जावयांनीच तेवढं सरळ नेसलंय की! ह्या बाकीच्यास्नी निऱ्या मागं घालून कुणी धाडलं? लगीन हाय माझ्या लेकाचं. सरळ करा, मग वाजवा.”

“आक्का, फौजेत हीच पद्धत असती.”

“मग फौजेत वाजवा.”

आण्णांनी टाचा जुळवल्या. हयातभर हुकूम ऐकलेला माणूस. साहेब कुठला, हे त्यांना बघताक्षणी कळतं.

“बँड! किल्ट फिरवा!”

बाकीच्यांचे तयार किल्ट, पट्टे सैल केले की फिरतात. ते फिरले. सयाजी पहिल्या रांगेत वाजवत निघाला. जनरेटर नवरदेवाच्या मामानं ढकलला.

त्या वरातीचे फोटो गावोगाव फिरले. आता लोक बँड ठरवताना ‘हुपरीसारखंच पायजे’ म्हणतात, म्हणून सगळ्यांच्याच निऱ्या पुढं. मध्ये एका लग्नात परदेश बघून आलेल्या पाहुण्यानं आण्णांना चूक दाखवली. आण्णा म्हणाले, “ही कोल्हापुरी पद्धत हाय.” पाहुण्यानं वहीत टिपून घेतलं.

मी दाराआडच्या खिळ्याला असतो, कंपनीच्या शर्टाशेजारी. सयाजीचं पोट वाढलं तेव्हा क्रांतीनं शिवणीत दुमडलेल्या जादा कापडाचा दाब उसवून मला सैल केलं. अजून एकदा सैल होण्याइतका दाब शिल्लक आहे. पहिला किल्ट घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: कापड पडून राहिलेलं घ्या, शिवणीत दाब भरपूर ठेवायला सांगा आणि बँड एकदा पुढूनही बघा.

आणि एक विनंती. आमचं चुकलंय, हे तुम्हाला ठाऊक असेल तर खुशाल सांगा. फक्त झुंबरबाईंसमोर नको. सयाजी आता कुठं रांगेत आलाय.